धातूचा आवाज काढणारी माती

काहोओलावे हे हवाईच्या आठ मुख्य बेटांतलं सर्वांत लहान बेट, सुमारे ११६ चौरस किलोमीटरचं. १९४१ साली पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यानंतर अमेरिकी लष्करानं ते ताब्यात घेतलं आणि पुढं जवळजवळ पन्नास वर्षं त्यावर जहाजांवरून तोफगोळे आणि विमानांतून बॉम्ब टाकण्याचा सराव चालू ठेवला. १९६५ मध्ये तर जहाजांवर स्फोटाचा काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी त्याच्या किनाऱ्यावर प्रत्येकी ५०० टन टीएनटीचे स्फोट घडवून आणले. मूळ हवाईवासीयांनी या बेटासाठी मोठा लढा दिला. १९७७ मध्ये जॉर्ज हेल्म आणि किमो मिचेल हे त्यांचे दोन तरुण कार्यकर्ते समुद्रात बेपत्ता झाले, ते परत आले नाहीत. १९९० मध्ये मारा थांबला, १९९४ मध्ये बेट हवाई राज्याकडे आलं आणि त्याच सुमारास न फुटलेले बॉम्बगोळे काढण्यासाठी अमेरिकी संसदेनं ४० कोटी डॉलर मंजूर केले. दहा वर्षांनी काम आटोपतं घेतलं तेव्हा बेटाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वरवर साफ झाला होता आणि चार फूट खोलीपर्यंत साफ झालेला भाग एक दशांशाच्या आसपास होता.

इतका पैसा आणि इतकी वर्षं घालूनही काम अर्धवट का राहिलं, याची कारणं पुष्कळ आहेत. खडकाळ उतार, पाण्याची टंचाई, सगळं सामान समुद्रावरून आणण्याची यातायात, ही त्यांतली उघड कारणं. एक कारण मात्र पायाखालीच होतं. शेळ्या-मेंढ्यांच्या चराईनं बेटाच्या माथ्यावरची वरची माती वाहून गेली आहे आणि खालचा बेसॉल्टपासून झालेला लालभडक, टणक थर उघडा पडला आहे. या थरावर धातुशोधक फिरवला की तो धातू असल्यासारखा संकेत देतो. खणावं तर हाती लाल मातीच येते. आणि खणताना तिथं बॉम्ब आहे असं धरूनच, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, हळूहळू खणावं लागतं. माती निघाली म्हणून मेहनत कमी होत नाही.

हा प्रश्न एका बेटापुरता नाही. कंबोडिया, अंगोला, मोझांबिक इथल्या भूसुरुंगांच्या शेतांत, ऑस्ट्रेलियाच्या सोन्याच्या पट्ट्यात, सायबेरियातल्या हिऱ्यांच्या शोधात आणि युरोपातल्या पुरातत्त्वीय उत्खननांत तो वेगवेगळ्या रूपांत पुढं आला आहे. साठ-सत्तर वर्षांत त्याबद्दल जे कळलं त्याचा सार एका वाक्यात सांगता येतो: विद्युतचुंबकीय यंत्राला फसवतो तो मातीतल्या लोहाचा साठा नव्हे, तर त्या लोहखनिजाच्या कणांचा आकार. हे वाक्य सर्वेक्षण करणाऱ्यांच्या अजून पुरतं अंगवळणी पडलेलं नाही, म्हणून ते नीट उलगडून सांगायला हवं.

लोहाचा साठा आणि चुंबकत्व यांचा संबंध किती सैल आहे हे गोव्यातल्या खाणींकडे पाहिलं तरी कळतं. तिथलं खनिज मुख्यतः हेमेटाइट. लोहानं भरलेलं, पण चुंबकाच्या दृष्टीनं अगदी दुबळं. त्याच रासायनिक सूत्राचं, म्हणजे लोहाचे दोन आणि ऑक्सिजनचे तीन अणू असलेलं, मॅग्हेमाइट नावाचं दुसरं खनिज आहे. अणूंची मांडणी वेगळी, एवढाच फरक. पण मॅग्हेमाइट मॅग्नेटाइटच्या तोडीचं चुंबकी आहे. मातीत शेकडा दहा हेमेटाइट असेल तरी यंत्राला फारसं जाणवत नाही, आणि शेकडा एक मॅग्हेमाइट असेल तर ती माती चुंबकाला खेचली जाते. बाह्य चुंबकीय क्षेत्रात पदार्थ किती प्रमाणात चुंबकित होतो ते दाखवणाऱ्या अंकाला चुंबकग्राह्यता म्हणतात. शुद्ध वाळूत तो शून्याच्या किंचित खाली असतो. बेसॉल्टवरच्या उष्णकटिबंधीय लाल मातीत तो एसआय मापात एक शतांशापर्यंत आणि कधी त्याहून वर जातो.

पण चुंबकग्राह्यता जास्त असणं ही अर्धीच गोष्ट. माती चुंबकित झाली आणि क्षेत्र काढताक्षणी पूर्ववत झाली, तर स्पंद पाठवून ऐकणाऱ्या यंत्राला तिचा त्रास होत नाही. ईएम-६१ सारखं यंत्र काय करतं ते पाहू. मीटरभर लांब आणि अर्धा मीटर रुंद कॉइलमधून प्रवाह सोडायचा, मग तो झटकन तोडायचा. जमिनीत धातू असेल तर त्यात भोवरी प्रवाह उठतात आणि मूळ प्रवाह तुटल्यावरही क्षणभर रेंगाळतात. दुसरी कॉइल त्यांचं क्षेत्र टिपते. प्रवाह तुटल्यानंतर पहिलं माप २१६ मायक्रोसेकंदांनी आणि शेवटचं १२६६ मायक्रोसेकंदांनी घेतलं जातं. या सगळ्याचा पाया एकाच गृहीतावर उभा आहे: प्रवाह तुटल्यावर जे काही ऐकू येतं ते वाहक पदार्थातल्या प्रवाहांचंच. चुंबकी मातीत हे गृहीत कोसळतं, कारण तिथं वीज न वाहताही काहीतरी रेंगाळतं.

हे रेंगाळणारं काय, याचं उत्तर फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई नेएल यांनी १९४९ साली दिलं. चुंबकी खनिजाचा कण अतिशय बारीक, वीसेक नॅनोमीटरच्या घरातला असेल, तर त्याच्या चुंबकत्वाची दिशा उष्णतेच्या धक्क्यांनीच आपोआप उलटसुलट होत राहते. अशा कणांना सुपरपॅरामॅग्नेटिक म्हणतात. दिशा पालटायला लागणारा सरासरी वेळ कणाच्या आकारमानावर अवलंबून असतो, आणि हे अवलंबणं साधं नाही, घातांकी आहे. त्याचा अर्थ आकड्यांतून चटकन लक्षात येतो. एखाद्या कणाला दिशा पालटायला एक मिलिसेकंद लागतो असं धरा. त्याच खनिजाच्या, दुप्पट व्यासाच्या कणाला तीच गोष्ट करायला लागणारा वेळ नेएलच्या सूत्रातून काढला, तर तो विश्वाच्या आजवरच्या वयालाही कितीतरी पटींनी मागं टाकतो. व्यास दुप्पट, आकारमान आठपट, आणि ते आठपट थेट घातांकात जातं. व्यवहारात मोठा कण जिथल्या तिथं थिजलेला असतो, तर छोटा कण क्षेत्राबरोबर तत्क्षणी वळतो. यंत्राला सतावतात ते या दोहोंच्या सीमेवरचे.

ही सीमा किती अरुंद आहे हेही त्याच सूत्रातून निघतं. दहा मायक्रोसेकंदांत पालटणारा कण आणि दहा मिलिसेकंदांत पालटणारा कण यांच्या काळात हजारपटीचं अंतर आहे, पण व्यासात जेमतेम वीस टक्क्यांचं. मातीत कणांचे आकार एका विस्तृत पट्ट्यात पसरलेले असतात. त्यामुळे एवढ्याशा खिडकीत सगळ्या आकारांचे कण साधारण सारख्याच संख्येनं सापडतात. याचा परिणाम नेटका आहे: क्षेत्र काढल्यावर मातीचं चुंबकत्व लॉगरिदमच्या गतीनं उतरतं, आणि कॉइलमधला व्होल्टेज काळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. हवाईची माती असो की ऑस्ट्रेलियाची, हा नियम ठळकपणे तोच दिसतो. म्हणून मातीच्या संकेताला गोंगाट म्हणणं मला पटत नाही. गोंगाटाला नियम नसतो. हा संकेत नियमानं बांधलेला आहे.

आता याची तुलना साध्या वाहक जमिनीशी करा. एकसारख्या वाहक जमिनीचा उशिराचा प्रतिसाद काळाच्या अडीचाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटतो. प्रवाह तुटल्यापासून एका मिलिसेकंदाचा क्षण आणि दहा मिलिसेकंदांचा क्षण घेतला, तर जमिनीचा संकेत सुमारे ३१६ पटींनी खाली येतो, चुंबकी मातीचा फक्त दहापटीनं. सुरुवातीला मातीचा वाटा नगण्य असला तरी उशिरा तीच वरचढ ठरते. आणि भूभौतिकीत उशिराचा संकेत म्हणजे खोलवरची बातमी, असं वाचण्याची रीत आहे. वरच्या हातभर मातीनं दिलेला संकेत त्यामुळे शेकडो मीटर खोल असलेल्या चांगल्या वाहकाचा, म्हणजे कदाचित तांब्या-निकेलच्या सल्फाइडचा, वाटू शकतो. अशा नकाशावर विसंबून एखादी विंधण घेतली तर त्या खर्चाची भरपाई कशानंही होत नाही.

या विषयाचा इतिहास मजेशीर रीतीनं पुरातत्त्वापासून सुरू होतो. फ्रान्समध्ये एझेन ल बोर्न यांनी १९५५ च्या सुमारास दाखवलं की शेतातली वरची माती खालच्या मातीपेक्षा बरेचदा जास्त चुंबकी असते. कारण म्हणून त्यांनी दोन वाटा सुचवल्या. एक म्हणजे सेंद्रिय पदार्थांनी भरलेल्या मातीचं आळीपाळीनं ओलं आणि कोरडं होणं. त्यात लोह कधी विरघळतं, कधी पुन्हा अतिसूक्ष्म कणांच्या रूपानं जमतं. दुसरी वाट आगीची. पालापाचोळा जळताना ऑक्सिजन ओढून घेतला जातो, दुबळ्या चुंबकत्वाची लोहखनिजं मॅग्नेटाइटमध्ये बदलतात आणि थंड होताना हवा लागून त्यांचं मॅग्हेमाइट होतं. चुली, भट्ट्या, जळालेली घरं, गाळमातीनं भरलेले जुने खड्डे यांच्या खुणा त्यामुळे मातीत उरतात. १९६६ मध्ये कोलानी आणि एटकेन यांनी चुंबकत्वाचा हा रेंगाळा मोजूनच दडलेल्या वस्त्या शोधता येतील असं सुचवलं. १९७३ मध्ये मलिन्स आणि टाइट यांनी चुंबकत्वाचा विलंब, वारंवारतेनुसार चुंबकग्राह्यतेत होणारी घट आणि क्षेत्रामागं पडणारा घटक या तिन्ही गोष्टी एकाच कणसमूहाची तीन रूपं आहेत हे मॅग्नेटाइट आणि मॅग्हेमाइटवर दाखवून दिलं. म्हणजे सैद्धांतिक आणि प्रायोगिक पाया तेव्हाच पक्का झाला होता. खनिजशोधकांनी तो वाचला असता तर पुढची बरीच ओढाताण वाचली असती. पण एका शाखेतलं ज्ञान शेजारच्या शाखेत पोचायला दहा-वीस वर्षं लागावीत, हे विज्ञानात नेहमीचंच, आणि दर वेळी तितकंच खंत वाटायला लावणारं.

खनिजशोधाच्या बाजूनं निर्णायक काम ऑस्ट्रेलियात झालं. तिथल्या पुरातन, खोलवर झिजलेल्या लॅटेराइटी भूमीवर तारेची मोठी चौकट जमिनीवर पसरून तीच चौकट स्पंद पाठवायला आणि ऐकायला वापरण्याची पद्धत रूढ होती. काही ठिकाणी उशिराचे संकेत काही केल्या उतरत नसत. सीएसआयआरओ या सरकारी संशोधनसंस्थेतले बुसेली यांनी १९८२ मध्ये हे कोडं सोडवलं. तारेच्या अगदी जवळ चुंबकीय क्षेत्र अतिशय तीव्र असतं, म्हणून तारेखालची माती सर्वांत जास्त चुंबकित होते. ऐकणारी तारही तिथंच असेल तर ती त्याच मातीला सर्वांत जवळून ऐकते. उपाय इतका साधा निघाला की आजही वाचताना समाधान वाटतं: ऐकणारी चौकट पाठवणाऱ्या चौकटीपासून तीनेक मीटर बाजूला सरकवा. खोलवरच्या वाहकाच्या संकेतात त्यानं फारसा फरक पडत नाही, आणि मातीचा संकेत जवळजवळ बसतो. सायबेरियात, याकुतियातल्या हिरे असणाऱ्या किंबरलाइट नळ्यांच्या परिसरात कोझेव्निकोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही हा परिणाम वर्षानुवर्षं अभ्यासला. काहोओलावेप्रमाणे तिथंही पार्श्वभूमीला ज्वालामुखी ट्रॅप, म्हणजे बेसॉल्टी, खडकच आहेत.

विमानातून किंवा हेलिकॉप्टरमधून होणाऱ्या सर्वेक्षणांना हा त्रास कमी होतो, कारण उंची वाढली की मातीचा वाटा झपाट्यानं घटतो. पूर्ण टळतो असं मात्र नाही. आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातल्या कमी उंचीवरच्या, अधिक संवेदनशील उड्डाणांत तो स्पष्ट दिसला आणि गेल्या दशकात मॅकने आणि इतरांनी तो ओळखून वेगळा काढण्याच्या रीती मांडल्या. सर्वांत खात्रीची परीक्षा तीच जुनी: संशयित जागेवरून पुन्हा, जरा जास्त उंचीवरून उडा. खोल वाहकाचा संकेत थोडा कमी होईल, मातीचा कोसळेल. तिढा वाढतो तो जमिनीत विद्युत-प्रेरित ध्रुवण, म्हणजे प्रवाहामुळे तात्पुरता साठणारा विद्युतभार, असलं की. चिकणमातीमुळे येणारं हे ध्रुवण उशिराच्या संकेताला ऋण बाजूला खेचतं, चुंबकी माती धन बाजूला. दोन्ही एकाच ठिकाणी असतील तर एक दुसऱ्याला झाकतं आणि नकाशा निर्मळ दिसतो. माझ्या मते या सगळ्या क्षेत्रातला आजचा सर्वांत कठीण प्रश्न हाच आहे.

शेतजमीन, क्षारता, पुरातत्त्व यांसाठी वापरली जाणारी छोटी वाहकतामापी यंत्रं वेगळ्या रीतीनं चालतात. ती स्पंद सोडत नाहीत, ठरावीक वारंवारतेचं क्षेत्र सतत पाठवतात आणि परत आलेल्या क्षेत्राचे दोन भाग करतात: मूळ क्षेत्राच्या पावलावर पाऊल टाकणारा आणि पाव आवर्तनानं मागं पडणारा. मॅकनील यांनी १९८० मध्ये मांडलेल्या सोप्या सूत्रानुसार मागं पडणारा भाग थेट वाहकतेच्या प्रमाणात असतो, आणि यंत्राच्या पडद्यावर वाहकतेचा आकडा येतो तो याच सूत्रानं. पण विलंबानं वळणाऱ्या चुंबकी कणांचा संकेतही मागं पडतो! ईएम-३८ या एक मीटर लांबीच्या यंत्राचं उदाहरण घेऊ. मीटरला १० मिलिसीमेन्स वाहकता असलेल्या जमिनीवर मागं पडणारा भाग मूळ क्षेत्राच्या दहा हजारांत साधारण तीन भाग असतो. चुंबकग्राह्यता ०.०२ आणि दशपट वारंवारतेमागं दहा टक्के घट असलेल्या मातीवर यंत्र टेकवलं, तर केवळ विलंबाचा संकेत दहा हजारांत सहा-सात भागांच्या घरात जातो. म्हणजे खऱ्या वाहकतेहून मोठा. कॉइल उभी आहे की आडवी यावर तो वाहकतेत मिळवला जातो की तिच्यातून वजा होतो हे ठरतं. काही शेतांत वाहकता ऋण येते आणि यंत्र बिघडलं असं समजून ते दुरुस्तीला धाडलं जातं, त्यामागं अनेकदा हे कारण असू शकतं. ऋण आकड्याचा निदान संशय तरी येतो. थोडी वाढलेली किंवा थोडी घटलेली वाहकता मात्र कोणाच्याच नजरेत भरत नाही, आणि ती रंगीत नकाशात क्षारपड किंवा चोपण म्हणून छापली जाते.

भूवेधी रडारबद्दल फार बोलायला नको. लाटेचा वेग मातीच्या चुंबकत्वानंही थोडा कमी होतो आणि काही शक्ती त्यात जिरते हे खरं, पण रडारच्या वारंवारतेला विलंबी कणांचा प्रभाव बहुधा गौण असतो. रडारची वाट अडते ती चिकणमाती आणि ओलाव्यानं. रडार चाललं नाही की चुंबकी मातीला दोष देणं हे घाईचं निदान आहे.

मनुष्याच्या जिवाशी या विषयाचा सर्वांत थेट संबंध येतो भूसुरुंगांच्या शेतात. अमेरिकी बनावटीच्या एम-१४ सारख्या प्लास्टिकच्या सुरुंगात धातू म्हणजे जवळपास टाचणीएवढा खिळा. १९९६ मध्ये सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय करारानं, पायदळविरोधी सुरुंगाचा संकेत किमान ८ ग्रॅम लोखंडाच्या एकसंध तुकड्याइतका असलाच पाहिजे असं बंधन घातलं. पण आधीच पेरलेल्या सुरुंगांना तो करार कुठून लागू व्हायचा? इतक्या बारीक धातूचे भोवरी प्रवाह क्षणार्धात विझतात, म्हणून यंत्राला लवकरात लवकर ऐकावं लागतं, आणि तेव्हाच मातीचा आवाजही सर्वांत मोठा असतो. डिटेक्टरची संवेदनक्षमता वाढवली तर तो सतत वाजतो. कमी केली तर सुरुंग निसटतो. गुडघ्यांवर बसून सळईनं माती चाचपणाऱ्या माणसाला दिवसभरात पन्नास वेळा नुसतीच माती लागली, तर एक्कावन्नाव्या वेळी त्याचा हात तितकाच सावध राहील का? चुकीचे इशारे वेळ खातात असं अहवालांत लिहिलेलं असतं. ते सावधपणाही खातात, आणि हे मला जास्त गंभीर वाटतं.

भूसुरुंगांच्या या प्रश्नावर झालेलं काम मोलाचं आहे. कॅनडाच्या संरक्षण संशोधनसंस्थेतले योगाधीश दास यांनी मातीचे कोणते गुणधर्म डिटेक्टरला नेमके नडतात याचं गणित २००६ मध्ये नीट मांडलं. हॅनम आणि डीअरिंग यांनी २००८ मध्ये बोस्निया-हर्झेगोविनातल्या मातीच्या चुंबकत्वाचा नकाशा सुरुंगसफाईसाठी तयार केला. बाल्कन प्रदेशातली लाल माती चुनखडीवर बनलेली आहे. चुनखडी स्वतः चुंबकाला दादही देत नाही, पण ती विरघळून गेल्यावर उरलेल्या गाळात अतिसूक्ष्म लोहकण गोळा होतात. खाली कोणता खडक आहे एवढ्यावरून अंदाज बांधणाऱ्याला इथं धडा आहे. जर्मनीत प्रीट्झ, आल्टफेल्डर आणि इगेल यांनी उष्णकटिबंधीय मातीचं मूळ खडक आणि झिजेची मजल यांवरून वर्गीकरण केलं. बेसॉल्ट आणि त्याहून लोहसंपन्न खडकांवरची, पुरती झिजलेली माती त्यात सर्वांत त्रासदायक ठरते.

मैदानात काम करणाऱ्यांसाठी युरोपीय मानक समितीच्या २००८ च्या कार्यकरारात एक हाताशी असलेली चाचणी आहे. ठरावीक रीतीनं जुळवलेला डिटेक्टर मोकळ्या, धातू नसलेल्या जमिनीवर वरून सावकाश खाली आणायचा. ज्या उंचीवर तो वाजू लागतो ती त्या जमिनीची संदर्भ-उंची. तीनचार सेंटिमीटर आली तर चिंता नाही. वीसच्या पुढं गेली तर त्या शेतात कोणता डिटेक्टर न्यायचा याचा आधीच विचार करायला हवा. ना प्रयोगशाळा, ना गणित.

डिटेक्टर बनवणाऱ्यांनीही मातीच्या या नियमबद्धतेचाच आधार घेतला. मातीचा संकेत काळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो हे पक्कं असेल, तर दोन वेगळ्या वेळांची मापं अशा प्रमाणात वजा करता येतात की मातीचा वाटा शून्य व्हावा आणि धातूचा काही उरावा. ऑस्ट्रेलियातल्या मिनलॅब कंपनीत ब्रूस कँडी यांनी १९९० च्या दशकात हे तंत्र स्पंद-डिटेक्टरांत आणलं आणि सोनं शोधणाऱ्या हौशी लोकांनी ते डोक्यावर घेतलं. जुन्या खाणपट्ट्यांत, लाल मातीमुळे ज्या जागा पूर्वी सोडून द्याव्या लागत होत्या तिथं पुन्हा सोन्याचे खडे सापडू लागले. सुरुंगशोधक यंत्रांतही तेच तंत्र गेलं. फुकट मात्र काहीच नसतं: ज्या धातूच्या तुकड्याचा संकेत नेमका मातीसारखा उतरतो, तो वजाबाकीत मातीबरोबरच जातो.

काहोओलावेवर प्रश्न आणखी एका पायरीनं गुंतागुंतीचा होता. पॅसियन, बिलिंग्ज, ओल्डनबर्ग आदींनी तिथली मापं तपासली तेव्हा दिसलं की मातीचा संकेत बेटाच्या विस्तारात हळूहळू बदलतो, म्हणून तत्त्वतः तो वजा करणं सोपं जायला हवं. अडचण गाडीची. खडबडीत जमिनीवर चाकं उसळतात, कॉइल दोनचार सेंटिमीटर वरखाली होते, तिरपी होते, आणि तेवढ्यानंच मातीचा संकेत इतका हलतो की तो पुरलेल्या गोळ्यासारखा दिसतो. म्हणजे बरेचसे खोटे इशारे मातीत नसून मातीपासूनच्या अंतरात दडलेले असू शकतात. यातून पुढं आलेली वाट मला योग्य वाटते: कॉइलची उंची आणि कल प्रत्येक क्षणी नोंदवायचा, एकाऐवजी अनेक वेळांची मापं घ्यायची, आणि माती व धातू या दोघांचा प्रतिसाद एकत्र धरून उलगडायचा. पोलादी गोळ्याचा संकेत मधल्या टप्प्यात मातीसारखाच उतरतो, पण शेवटी घातांकी वेगानं विझतो. ते वळण दिसेपर्यंत ऐकत राहिलं तर दोघांत फरक करता येतो.

आता आपल्या जमिनीकडे. दख्खनच्या ट्रॅपवर, म्हणजे सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर बेसॉल्टवर, महाराष्ट्राचा बराचसा भाग वसलेला आहे. तरीही हा प्रश्न इथं फारसा चर्चेत आला नाही. त्याचं एक कारण मला असं दिसतं की विहीर आणि बोअरच्या जागा ठरवायला आपल्याकडे प्रामुख्यानं विद्युत रोधकता मोजली जाते. चार खुंट्या रोवून जमिनीत थेट वीज सोडणाऱ्या त्या पद्धतीच्या सूत्रात मातीचं चुंबकत्व येतच नाही. पण दिवस बदलत आहेत. केंद्रीय भूजल मंडळ आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांनी डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठाच्या साहाय्यानं २०१३-१४ मध्ये देशात सहा ठिकाणी हेलिकॉप्टरमधून विद्युतचुंबकीय सर्वेक्षण केलं, त्यांत नागपूरजवळचं चंद्रभागा पाणलोट क्षेत्रही होतं. तीसेक मीटर उंचीवरून मातीचा वाटा बराच गळतो. जमिनीवर ओढत नेण्याच्या यंत्रांना ती सवलत मिळणार नाही.

काळ्या रेगूर मातीबद्दल माझा अंदाज सावध आशेचा आहे. तिच्यातलं पुष्कळसं लोह चिकणमातीच्या स्फटिकातच अडकलेलं असतं आणि तेवढ्या लोहाचा यंत्राला त्रास नाही. चुंबकत्व येतं ते बेसॉल्टमधून आलेल्या टायटॅनोमॅग्नेटाइटच्या कणांमुळे, आणि ते भरड असतील तर ग्राह्यता वाढेल पण विलंब वाढणार नाही. कोकणातला जांभा आणि त्यावरची तांबडी माती यांबाबत मी इतका निश्चिंत नाही. मुसळधार पाऊस, मग आठ महिने कोरडं ऊन, लोहानं भरलेला झिजलेला खडक, हे सगळं ल बोर्न यांच्या पहिल्या वाटेला अनुकूल. दुसऱ्या वाटेसाठी तर कोकणातला शेतकरी दर उन्हाळ्यात आग लावतोच. भाताच्या रोपांसाठी जमिनीच्या तुकड्यावर शेण, कवळं, पालापाचोळा आणि गवत यांचे थर रचून राब भाजतात. पिढ्यान् पिढ्या त्याच तुकड्यावर राब झाला असेल तर तिथली वरची वीतभर माती शेजारच्या खाचरापेक्षा वेगळी निघायला हवी. वाहकतामापी यंत्र अशा शेतातून नेलं तर नकाशावर उमटणारा चौकोन ओलाव्याचा समजायचा की भाजणीचा?

याचा निकाल लावायला मोठी मोहीम लागत नाही. पर्यावरणीय चुंबकत्वाच्या प्रयोगशाळांत ४६५ आणि ४,६५० हर्ट्झ या दोन वारंवारतांवर मातीची ग्राह्यता मोजणारं छोटं यंत्र असतं, नमुना म्हणजे दहा मिलिलिटरची एक डबी. दोन्ही आकड्यांतली घट शेकडा दोनच्या आत असेल तर विलंबी कण नगण्य. दहाच्या पुढं गेली तर त्या जमिनीवर स्पंदयंत्र नेण्याआधी कॉइलची मांडणी बदलावी लागेल. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यावरची, पाचगणीच्या टेबललँडवरची, राबाच्या तुकड्याची आणि त्याच्या बांधापलीकडची, विदर्भातल्या काळ्या शेतातली आणि तिच्याखालच्या मुरुमाची माती, अशा प्रत्येक जागेवरून वरच्या वीतभर थराचा एक आणि कमरेइतक्या खोलीचा एक नमुना घेतला, तर सर्वेक्षणाच्या निविदेत मातीचा रकाना भरायला पुरेसं साहित्य एका उन्हाळ्यात हाती येईल.